घरात कुत्रं-मांजर असताना मोशन सेन्सर पुन्हा पुन्हा का वाजतो

तक्रार साधारण अशी असते. घराला कुलूप लावून सगळे बाहेर गेलेत, आत फक्त कुत्रं. सायरन वाजतो, शेजारी फोन करतात, धावत येऊन बघावं तर सगळं जागच्या जागी. इलेक्ट्रिशियन येतो, सेन्सरची सेन्सिटिव्हिटी कमी करून जातो. काही महिने बरे जातात. मग उन्हाळ्यात कुणाच्या तरी लक्षात येतं की समोरून माणूस गेला तरी सेन्सरचा दिवा लागत नाही, म्हणून सेन्सिटिव्हिटी परत वाढवली जाते. आणि थंडी पडली की कुत्र्यावरून सायरन पुन्हा सुरू. इंदुरात लोकमान्य नगर, सुदामा नगरपासून विजय नगरच्या फ्लॅटांपर्यंत हा फेरा मी इतक्या घरांत पाहिलाय की फोनवर माझा पहिला प्रश्न आता "कुत्रं केवढं आहे?" हा नसतो. "सेन्सरचं सेटिंग शेवटचं कधी बदललं होतं?" हा असतो.

सेन्सर बदलून हा फेरा थांबत नाही. नवा सेन्सर त्याच जागी, त्याच कोनात लावला तर तोही तसाच वाजणार.

सेन्सरला नेमकं काय दिसतं

घरगुती अलार्ममधला मोशन सेन्सर बहुतेक वेळा पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) जातीचा असतो. तो स्वतः कुठलीही किरणं सोडत नाही, समोरून येणारी उष्णतेची किरणं टिपतो. पुढचं पांढरं, बारीक रेघांचं प्लास्टिक म्हणजे फ्रेनेल लेन्स. ती खोलीचे पट्टे पाडते: एक दिसणारा, एक न दिसणारा. गरम वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की आतल्या दोन घटकांवर पडणाऱ्या उष्णतेत फरक पडतो. सेन्सरच्या लेखी हालचाल म्हणजे एवढंच. समोर माणूस आहे की लॅब्राडोर, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मागच्या भिंतीपेक्षा वेगळ्या तापमानाचं, पुरेसं मोठं काहीतरी, पुरेशा वेगानं सरकलं की पुरे.

त्यातला भिंतीच्या तापमानाचा भाग लोक विसरतात. जानेवारीच्या पहाटे इंदुरातलं बंद घर चांगलंच गार पडलेलं असतं आणि त्यात कुत्र्याचं अंग निखाऱ्यासारखं उठून दिसतं. याउलट मे महिन्यात बाहेर ४१-४२ अंश, कूलर बंद, खिडक्या बंद. दुपारी खोलीतली भिंतच ३५-३६ अंशांवर जाते. माणसाच्या त्वचेचं तापमानही साधारण तिथंच असतं. फरकच उरला नाही, तर सेन्सर काय पाहणार? बऱ्या सेन्सरमध्ये यासाठी तापमानाप्रमाणे आपोआप जुळवून घेण्याची सोय असते, स्वस्तातल्यांत नसते किंवा नावापुरती असते.

म्हणजे उन्हाळ्यात 'माणूस दिसत नाही' म्हणून वाढवलेली सेन्सिटिव्हिटीच डिसेंबरात कुत्र्यावर वाजते. माणसासाठी चाचणी घ्यायची ती मे महिन्याच्या दुपारी आणि कुत्र्यासाठी थंडीतल्या पहाटे. दोन्ही वेळा एकाच सेटिंगवर नीट चाललं तर ती जागा बरोबर आहे. नाही चाललं, तर जागा बदलायची. स्क्रू फिरवत बसू नका. आणि जे सेटिंग ठेवाल ते झाकणाच्या आत पेन्सिलीनं तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या खेपेला दुसराच माणूस स्टुलावर चढलेला असतो.

कुत्र्यावर आळ घेण्याआधी

अलार्मच्या पॅनलमध्ये (सगळे सेन्सर ज्याला जोडलेले असतात तो मुख्य डबा) किंवा मोबाइल ॲपमध्ये घटनांची नोंद असते. ती उघडा आणि प्रत्येक वेळची फक्त पहिली ओळ बघा: कुठला झोन (म्हणजे कुठल्या खोलीचा किंवा दाराचा सेन्सर), किती वाजता. पहिलीच का? सायरन घरातला असेल तर त्याचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर असतो. कुत्रं बिथरतं, सोफ्यावर उड्या मारतं, दारापाशी धावतं, आणि मग एकामागून एक सगळे झोन वाजतात. नंतरच्या दहा ओळी कुत्र्याच्या असतील, पहिली त्याची असेलच असं नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री घरचे मिरवणुकीतल्या झांक्या बघायला जातात, तेव्हा असली गंमत दरवर्षी कुठे ना कुठे होते. लोक म्हणतात, "कुत्र्यानं रात्रभर अलार्म वाजवला." अलार्मनंही कुत्र्याला रात्रभर पळवलेलं असतं. सायरनचा वेळ तीन मिनिटांवर आणा आणि एकच झोन किती वेळा सायरन वाजवू शकेल यावर पॅनलमध्ये मर्यादा घाला. बहुतेक पॅनलमध्ये ती सोय असते, कुणी वापरत नाही.

आता वेळेकडे बघा. रोज संध्याकाळी एकाच सुमारास वाजत असेल तर पश्चिमेचं ऊन आठवा. खिडकीच्या काचेतून ऊन फरशीवर पडतं, ढग आले-गेले की फरशीचा तो तुकडा गार-गरम होतो. काचेपलीकडच्या गॅलरीतल्या मांजरीला मात्र दोष देऊ नका: शरीराच्या उष्णतेची किरणं खिडकीच्या साध्या काचेतून पार होत नाहीत. काच उघडी असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडच्या घरांत आणखी काही संशयित हमखास सापडतात. हॉलमध्येच देव्हारा आणि बाहेर पडताना तेवत ठेवलेली समई: ज्योत हलते, तिच्यावरची गरम हवा हलते, आणि सेन्सर नेमका समोर. (घर बंद करून दिवा तेवत ठेवणं तसंही बरं नाही, पण ते आजींना कोण सांगणार!) कूलर चालू ठेवून जाण्याची सवयही अशीच. कूलरचा झोत पडद्यावर, पडदा उन्हानं तापलेला, तो गार भिंतीसमोर हलतोय. सेन्सरच्या दृष्टीनं खोलीत कुणीतरी नाचतंय.

आणि पाल. सेन्सरच्या लाल दिव्याभोवती चिलटं येतात, चिलटांमागे पाल येते, ती लेन्सवरूनच चालत जाते. पालीचं अंग थंड असतं हे खरं, पण लेन्सला चिकटून ती गेली की अख्खे पट्टे झाकले-उघडले जातात. सेन्सरचं झाकण उघडून पाहिलं तर आत कोळ्याचं जाळं, मुंग्या, पालीची विष्ठा, काहीही निघतं. वायर जिथून आत येते ते भोक सिलिकॉननं बुजवा. त्याचा दुसराही फायदा आहे. आपल्याकडे वायरचा पाइप स्लॅबमधून खाली उतरतो आणि गच्चीची तापलेली हवा त्याच पाइपातून सेन्सरच्या पाठीत शिरते. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला विनाकारण वाजणारे कितीतरी सेन्सर नुसतं हे भोक बुजवल्यावर गप्प झालेत. चाचणी झाल्यावर दिवा बंद ठेवण्याचा जंपर (आतली छोटी काढती-घालती पिन) असतो, तोही वापरा.

लाइट गेल्यावर किंवा आल्यावरच वाजत असेल तर कुत्रं, पाल, समई, सगळ्यांना सोडून द्या आणि पॅनलमधली १२ व्होल्टची बॅटरी तपासा. मीटर लावून 'साडेबारा दाखवतोय' एवढ्यावर समाधान मानू नका. मेन बंद करा, सायरन वाजवा आणि तेव्हा व्होल्टेज किती उतरतं ते बघा. तीन-चार वर्षं झाली असतील तर ७ एएचची नवी बॅटरी महारानी रोडवर सहज मिळते.

तरीही उलगडा होत नसेल तर दोन खोल्यांतले एकसारखे सेन्सर आपसात बदला. दोष सेन्सरबरोबर दुसऱ्या खोलीत गेला तर सेन्सर खराब. दोष त्याच खोलीत राहिला तर खोलीतच काहीतरी आहे. या चाचणीला पैसे लागत नाहीत, तरी नवा सेन्सर विकत घेतल्यावरच ती सुचते.

डब्यावरचे किलो आणि भिंतीवरची उंची

आता खरोखर कुत्र्याकडे येऊ.

पेट इम्युन, म्हणजे पाळीव प्राण्यावर वाजू नये म्हणून बनवलेल्या, सेन्सरच्या डब्यावर १८ किलो, २५ किलो, ३६ किलो असं काहीतरी छापलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, "आमचा स्पिट्झ सात-आठ किलोचा, मग का वाजतो?" सेन्सर वजन करत नाही. तो आकडा साधारण शरीराच्या आकाराचा अंदाज आहे, आणि तो गृहीत धरतो की कुत्रं जमिनीवर चारही पायांवर चालतंय, सेन्सर सांगितलेल्या उंचीवर आहे आणि सरळ समोर बघतोय. या सेन्सरची लेन्स अशी बनवलेली असते की जमिनीलगतच्या भागात एक तर पट्टेच नसतात किंवा ते असे विभागलेले असतात की लहान शरीरानं पुरेसा सिग्नल तयार होत नाही. उभा माणूस एकाच वेळी वरचे-खालचे बरेच पट्टे कापतो, कुत्रं खालचे थोडे. सगळी युक्ती एवढीच. ती उंचीवर आणि कोनावर उभी आहे. या दोन्ही गोष्टी बसवणाऱ्याच्या हातात असतात, आणि तिथेच घोळ होतो.

पहिला घोळ ब्रॅकेटचा. सेन्सर खाली झुकवण्यासाठी बॉल जॉइंटचं ब्रॅकेट मिळतं, ते दिसायला छान दिसतं. पण पेट इम्युन सेन्सर थोडा जरी खाली झुकवला तरी वरचे, माणसासाठीचे पट्टे जमिनीवर येतात. मग ३६ किलोचा डबा असो नाहीतर ५० चा, मांजराचं पिल्लूही वाजवेल. असा सेन्सर भिंतीला किंवा कोपऱ्याला सपाट, ओळंब्यात बसवायचा. उंची बहुतेक कंपन्या २.१ ते २.४ मीटर सांगतात, म्हणजे सात ते आठ फूट, पण आपल्या मॉडेलच्या कागदावर जे लिहिलंय तेच खरं. जुन्या घरांत छत उंच असतं, मिस्त्री हौसेनं दहा फुटांवर ठोकतो. फ्लॅटमध्ये माळा आडवा येतो, म्हणून कुणी सहा फुटांवर. दोन्ही चूक.

दुसरा घोळ लेन्सचा. दिवाळीच्या साफसफाईत कुणी झाकण उघडून लेन्स पुसते आणि परत लावताना ती उलटी बसते. खालचा भाग वर, वरचा खाली. वाजायला लागला की आळ कुत्र्यावर. लेन्स ओल्या मऊ फडक्यानं बाहेरूनच पुसा. रेघांची बाजू आत असते, ती घासू नका. रंगकामाच्या वेळी सेन्सरवर पिशवी बांधा, कारण लेन्सवर रंगाचे शिंतोडे पडले तर ते पट्टे कायमचे आंधळे.

तिसरा घोळ फर्निचरचा, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त खऱ्या तक्रारी इथल्याच. रामबागेतल्या एका घरातलं उदाहरण देतो. हॉलच्या कोपऱ्यात १८ किलोवाला सेन्सर, उंची बरोबर, झुकाव नाही, कुत्रं छोटं. तरी आठवड्यातून एक-दोनदा संध्याकाळी सायरन. काकूंचं म्हणणं, "अहो, तो तर दिवसभर पंख्याखाली झोपलेला असतो." नोंदीतल्या वेळा सगळ्या सहाच्या आसपासच्या. जुना मोबाइल खिडकीत रेकॉर्डिंगवर ठेवून दिला, तेव्हा उलगडा झाला. शेजारच्यांची स्कूटर गल्लीत वळली की हे महाशय ताडकन उठायचे, दिवाणावर उडी, तिथून मागचे दोन पाय तक्क्यावर आणि पुढचे दोन ग्रिलवर. असा उभा राहिलेला कुत्रा जमिनीपासून साडेचार फूट उंच होतो, शेपूट हलतेय ती वेगळीच. सेन्सरच्या बाजूनं बघितलं तर तो माणूसच.

उपाय दोन होते. दिवाण समोरच्या भिंतीला न्यायचा किंवा सेन्सर हलवायचा. दिवाण हलवायला काकू तयार नव्हत्या, आणि कुत्र्याची ती एकुलती एक खिडकी होती. म्हणून सेन्सर हॉलमधून काढून बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये लावला. चोराला हॉलमध्ये काय करायचंय, त्याला कपाटापाशी जायचं असतं, आणि पॅसेज टाळून तो तिथे जाऊच शकत नाही. पॅसेजमध्ये चढायला काही नाही, कुत्रं गेलं तरी जमिनीवरूनच जातं. लावताना एवढं बघितलं की हॉलच्या दारातून येणारा माणूस सेन्सरला आडवा जाईल. सरळ अंगावर चालून येणारा माणूस पीआयआरला उशिरा दिसतो, आडवा जाणारा लगेच. हॉलच्या दाराला आणि खिडकीला चुंबकी सेन्सर लावले. दिवाण आहे तिथेच आहे.

तुमच्या घरात हे शोधायचं तर सेन्सरखाली उभं राहा आणि त्याच्या टप्प्यात कुत्रं-मांजर चढू शकेल असं काय काय आहे ते मोजा: सोफ्याची पाठ, दिवाण, धान्याची कोठी, शिलाई मशीन, फ्रिज, जिना. सेन्सरपासून सहा फुटांच्या आत असं काही नकोच. जिना तर सर्वांत वाईट. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचं छोटं कुत्रं थेट माणसाच्या पट्ट्यात असतं. सेन्सर जिन्याकडे तोंड करून लावूच नका, जिन्याच्या बाजूला पाठ येऊ द्या.

पल्स काउंट नावाचा जंपर असतो, एक, दोन, तीन असा. सेन्सरनं किती वेळा फरक टिपल्यावर वाजायचं, ते तो ठरवतो. कुत्रं असलेल्या घरात दोन ठेवा. तीनवर नेलं तर हळू चालणारा चोर निसटू शकतो. दोन कुत्री असतील तर डब्यावरच्या आकड्यात दोघांना मिळून धरा, कारण एकमेकांशी खेळताना ती सेन्सरसाठी एकच मोठा गोळा असतात. दाट केसांचं कुत्रं बाहेरून कमी गरम दिसतं, आखूड केसांचं जास्त. उन्हाळ्यात केस बारीक करून आणलेत तर चाचणी पुन्हा घ्या.

दोन तंत्रांचा सेन्सर घेतला तरी वाजतो

दुकानदार मग 'ड्युअल' सुचवतो: पीआयआर आणि मायक्रोवेव्ह एकत्र, दोघांनी हो म्हटलं तरच अलार्म. वस्तू चांगली आहे, गरम फरशी आणि पडद्याची तक्रार तिनं खरंच मिटते. पण मायक्रोवेव्ह प्लायवूडच्या दारातून, काचेतून, पातळ भिंतीतून पलीकडे जातो. फिरता पंखा त्याला दिसतो, चालू ट्यूबलाइट दिसते, आणि पीव्हीसी पाइपातलं वाहतं पाणीसुद्धा. आपल्याकडे नर्मदेचं पाणी सुटलं की मोटर लागते आणि भिंतीतल्या पाइपातून पाणी वर चढतं. तेवढा वेळ मायक्रोवेव्हचा भाग 'हालचाल आहे' असंच म्हणत असतो. दोन पहारेकऱ्यांतला एक आधीच हो म्हणून बसला, तर सगळी भिस्त दुसऱ्यावर, म्हणजे परत साध्या पीआयआरवर. त्या वेळी कुत्रं सोफ्यावर चढलं की सायरन. नोंदीतल्या वेळा पाण्याच्या वेळेशी जुळतात का बघा. जुळल्या तर मायक्रोवेव्हचा टप्पा खोलीच्या लांबीपुरता कमी करा. त्याचा वेगळा स्क्रू असतो. कारखान्यातून तो बहुधा पूर्ण वाढवलेला येतो. पंखा बंद करून जायची सवय लावा, बिलही वाचेल.

बिनवायरच्या सेन्सरची चाचणी

यात लोक फार फसतात. बॅटरी वाचवायला बिनवायरचे बरेचसे सेन्सर एकदा हालचाल टिपली की दोन-तीन मिनिटं झोपून जातात. तुम्ही आधी स्वतः समोरून चालता, दिवा लागतो, मग कुत्र्याला बिस्किट दाखवून फिरवता, दिवा लागत नाही, आणि वाटतं काम झालं. काम झालेलं नसतं, सेन्सर झोपलेला असतो. चाचणीचा मोड असेल तर तो चालू करा. नसेल तर खोली पूर्ण रिकामी ठेवून चार-पाच मिनिटं थांबा आणि आधी कुत्र्याला सोडा. नुसतं चालवू नका. चेंडू टाका, बेल वाजवा, त्याला दिवाणावर चढू द्या. घर रिकामं असताना ते जे करतं ते सगळं करू द्या.

मांजर

मांजराच्या बाबतीत मी स्पष्टच सांगतो: मांजर ज्या खोलीत मोकळं फिरतं तिथे मोशन सेन्सरच्या नादाला लागू नका. वजन चार किलो, पण फ्रिजवर, माळ्यावर, पडद्याच्या दांडीवर, कुठेही असतं. एका घरात बोका सेन्सरच्याच बाजूच्या शेल्फवर बसायचा. लेन्ससमोरून फूटभर अंतरावर शेपूट हलली तर कुठलाही पेट इम्युन सेन्सर वाजणारच. लेन्सच्या खालच्या भागावर आतून काळी टेप लावण्याचा जुना उपाय कुत्र्यासाठी कधी कधी चालतो, मांजरासाठी त्याचा काही उपयोग नाही.

अशा घरात पहारा कडेला न्यायचा. दारांना आणि उघडणाऱ्या खिडक्यांना चुंबकी सेन्सर, ग्रिलला कंपनाचा सेन्सर, आणि गॅलरीच्या दारावर वरून खाली बघणारा पडदा सेन्सर, जो फक्त दाराच्या चौकटीएवढी अरुंद पट्टी पाहतो. मांजर त्या दारातून जात असेल तर तोही नको, तिथे चुंबकावर भागवा. चुंबकी सेन्सर बसवताना दार बंद असताना दोन तुकड्यांमधलं अंतर सेंटिमीटरभरच ठेवा. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, नीट बसत नाही, आणि मग तोही रात्री-अपरात्री वाजतो.

मोशन सेन्सर एखाद्या खोलीत हवाच असेल तर ती खोली बंद ठेवा, कपाटाची बेडरूम किंवा ऑफिसची खोली, जिथे मांजराला एरवीही जाऊ देत नाही. पॅनलमध्ये दोन मोड वेगळे करून घ्या. मांजर-कुत्रं घरात असताना कडेचे झोन आणि ही बंद खोली. सगळे मिळून, प्राण्यांसकट, गावाला गेलात की आतले सगळे सेन्सर चालू. रिमोटवर दोन वेगळी बटणं ठरवा आणि कामवाल्या मावशींनाही दाखवा, कारण शेवटी घराबाहेर पडताना बटण बहुतेक वेळा त्याच दाबतात.